सोलापुरात दोघंच, माहेरच्या गावात हॉटेलात राहून

लग्नाला पाच वर्षं होतायत तर कुठंतरी दोघंच जाऊन येऊ असं डिसेंबरपासून चाललं होतं. मुंबई दोघांनाही पाठ आहे, हैदराबादचं तिकीट मिळेना, महाबळेश्वरला वीकेंडला जायचं म्हणजे निम्मा वेळ घाटात गाडीत बसून काढायचा. एका रात्री जेवताना नवरा एकदम म्हणाला, "तुझं सोलापूर दाखव ना मला. नीट."

मी म्हटलं अरे तू चार वेळा आलायस की. तर तो बोटं मोजायला लागला. एकदा लग्न ठरवायला, एकदा दिवाळीला, एकदा आज्जीच्या तेराव्याला आणि शेवटचं घर विकलं तेव्हा सामान हलवायला. चारही वेळा त्यानं आमचं घर, पंगत आणि स्टेशन एवढंच पाहिलं होतं. तो चिपळूणचा, त्याच्या डोक्यात सोलापूर म्हणजे ऊन, चादर आणि शेंगा चटणी.

ऑफिसात सांगितलं तर मैत्रिणी म्हणाल्या सोलापुरात काय गं रोमँटिक. मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. बावीस वर्षं त्या गावात काढली पण तिथं कुणाचा हात धरून मी कधी चालले नाही. कॉलेजात असताना एखाद्या मुलाशी पार्क चौकात दोन मिनिटं बोललं तरी ती बातमी आपल्या आधी घरी पोचायची. आईबाबा आता पुण्यात दादाकडे असतात, उत्तर कसब्यातलं घर चार वर्षांपूर्वी विकलं, त्यामुळं यावेळी मी माझ्याच गावात पाहुणी म्हणून जाणार होते. दिवस निवडले जानेवारीच्या शेवटचे, कारण थंडी असते, हुरडा असतो आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून उठलेला नसतो.

शुक्रवार रात्र

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, रात्री दहाच्या सुमारास सोलापूर. ऑफिस करून जाता येतं, चेअर कारचं तिकीट आधी काढलं की झालं. दौंड गेलं की मला झोपच येत नाही, कुर्डुवाडी आली की मी दारापाशी जाऊन उभी राहते, लहानपणापासूनची सवय आहे. ह्यानं विचारलं हुतात्मा नाव का, तर मी म्हटलं उद्या चौकातच दाखवते.

हॉटेल ऑनलाइन बुक केलं होतं, फोटो छान होते, पैसे भरले होते. काउंटरवर दोघांचे आधार दिले. त्या मुलानं माझं कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मॅडम, लोकल आयडी चालत नाही, कपलला तर नाहीच." माझ्या आधारवर अजून उत्तर कसब्याचाच पत्ता आहे. मी सांगितलं की आम्ही नवरा-बायको आहोत, ह्याचा पत्ता पुण्याचा आहे, मोबाईलमधले लग्नाचे फोटोसुद्धा दाखवले, आणि फोटो दाखवताना मला रडायलाच आलं. माझ्या गावात, रात्री साडेदहाला, मी कुणाला तरी पटवून देतेय की हा माझा नवरा आहे. तो मुलगा वाईट नव्हता, मालकानं सांगितलेलं करत होता, पण रूम काही दिली नाही. पैसे चार दिवसांनी परत आले.

शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला असता तर ती धावत आली असती. पण मग तिच्या घरी राहणं आलं, सकाळी तिच्या सासूबाईंच्या हातचे पोहे आले आणि दोघंच जायचं ते राहिलंच असतं. मग स्टेशनजवळच एका जुन्या लॉजवर गेलो. काउंटरवर सत्तरीचे एक काका स्वेटर, मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी कार्ड बघितलं आणि विचारलं, "कसब्यातल्या का तुम्ही? मग घरी नाही गेलात?" मी म्हटलं, "घर विकलं, काका." ते पुढं काहीच बोलले नाहीत. ह्याच्या आधारवर एन्ट्री केली, किल्ली दिली आणि आम्ही वर पोचेपर्यंत पोऱ्याच्या हातून दोन कप चहा पाठवला. खोली साधी, पण चादर स्वच्छ आणि अर्थातच सोलापुरी.

तुम्ही येणार असाल तर बुकिंगच्या आधी हॉटेलला स्वतः फोन करून लोकल आयडीचं विचारून घ्या, विशेषतः दोघांपैकी एकाचं माहेर किंवा गाव इथलं असेल तर. ॲपवर हे कुठंही लिहिलेलं नसतं. निदान एकाचं तरी बाहेरच्या पत्त्याचं ओळखपत्र असू द्या आणि लग्नाच्या सर्टिफिकेटचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

शनिवार

पहाटे साडेसहाला सिद्धेश्वर. स्वेटर लागेल एवढी थंडी, रिक्षात गारठलो. तलावाच्या मधोमध देऊळ आहे, चारी बाजूंनी पाणी, पाण्यावर धुकं आणि पलीकडं किल्ल्याची काळी भिंत. हा पुलावरच थांबला आणि म्हणाला, "हे तू मला पाच वर्षं दाखवलं नाहीस?"

बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धराम इथले, बसवेश्वरांच्या काळातले. हा तलाव त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदला, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली, आणि देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. आमच्या आज्जीचा दर सोमवारचा नेम होता. ती मला कुंभारकन्येची गोष्ट सांगायची. एका कुंभाराच्या मुलीला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं. ते योगी, ते म्हणाले माझं लग्न देवाशी लागलेलं आहे. ती ऐकेना. शेवटी त्यांनी आपला योगदंड दिला आणि म्हणाले ह्याच्याशी लग्न लाव. ते लग्न सोलापूर अजून दर संक्रांतीला लावतं. सात नंदीध्वज, म्हणजे उंचच्या उंच काठ्या, त्यांना बाशिंग बांधतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या कमरेला तोलून चालतात, संमती कट्ट्यावर हजारो लोक अक्षता टाकतात आणि सगळं गाव ओरडतं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" दुसऱ्या दिवशी पेंढीची कुंभारकन्या करून तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात आणि मग होम होतो.

मी हे बाबांच्या खांद्यावर बसून बघितलंय. संमती कट्ट्यापाशी उभं राहून ह्याला सांगत होते तर शेजारी फुलांच्या टोपल्या मांडणाऱ्या एक अक्का ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला नवरा मिळाला का सांग बघू? काठी मिळाली. पण आठशे वर्षं झाली, तिच्या लग्नाला गाव येतंय." मग ह्याच्याकडं बघून म्हणाल्या, "गजरा घ्या की, बायकोला." त्यानं दोन घेतले. माझ्या केसात गजरा माळायला त्याला जमेना, तर अक्कांनीच माळून दिला आणि पिना त्यांच्याच.

तलावाच्या कडेनं आम्ही अख्खी फेरी मारली. हात धरून. पहिल्या दहा मिनिटांत मी दोनदा हात सोडवून घेतला, समोरून कुणी ओळखीचं येतंय असं वाटून. ओळखीचं कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं हात धरला तो मग तसाच राहिला.

तिथून चालतच भुईकोट किल्ला. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, सकाळी लवकर गेलात तर आत फिरायला येणारे आजी-आजोबा, बाग आणि खारी. दुहेरी तटबंदी आहे, खंदक आहे, आत जुन्या देवळाचे खांब उघडे पडलेत. बहमनी काळातला हा किल्ला, पुढं आदिलशाही आणि निजामशाही ह्याच्यासाठी भांडत राहिल्या. अहमदनगरच्या निजामशहाची मुलगी चांदबीबी, ती विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला गेला. शाळेत हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलं. आता तटावर बसून सांगताना वाटलं, ती मुलगी तेव्हा केवढी असेल, तिनं हा किल्ला तेव्हा पाहिला तरी होता का. तटावरून तलाव आणि देऊळ एकत्र दिसतं, तिथं तासभर बसलो. पाण्याची बाटली आणि टोपी न्या, जानेवारीतसुद्धा दहानंतर ऊन चावतं.

नाश्त्याला भाग्यश्रीचा वडा. गरम वडा, वर तळलेली मिरची, आणि हा चार खाऊन गप्प बसला ते बघून मला फार समाधान वाटलं. येताना चार पुतळ्यापाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, त्यानंतर ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ह्यानं चारही नावं मोठ्यानं वाचली. "म्हणून हुतात्मा," एवढंच म्हणाला.

मग भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक. हे मी मुद्दाम ठेवलं होतं, कारण मला ह्या शहरातली सगळ्यात आवडती गोष्ट ही. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टर गेले त्यात हे एक, वय अठ्ठावीसच्या आत. बाकीचे चौघे परत आले, हे राहिले. चिनी शिकले, कॅनडाचे डॉक्टर बेथून ह्यांच्या नावाच्या दवाखान्यात दिवसरात्र ऑपरेशनं केली, आणि तिथं नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान ह्यांच्या प्रेमात पडले. १९४१ मध्ये लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा. नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. आणि मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, डॉक्टर गेले. बत्तीस वर्षांचे होते.

त्या दोघांच्या फोटोसमोर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. एक साधा पोरगा, आमच्यासारखाच ह्या उन्हात वाढलेला, कडक भाकरी खाल्लेला, तो तिकडं बर्फात एका मुलीला चिनी भाषेत काय म्हणाला असेल. एका लग्नाला जेमतेम एक वर्ष मिळालं. त्या बाई पुढं अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. नवऱ्यानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, आम्ही दोघंही काही बोललो नाही. स्मारकाला जायचं असेल तर वेळ आधी चौकशी करून जा, आणि तिथली माणसं सांगतात ते ऐका, घाई करू नका.

दुपारी जेवण. भाकरीचं जेवण मिळणाऱ्या खानावळी गावभर आहेत, रिक्षावाल्याला विचारा, तो स्वतः जिथं जेवतो तिथंच नेईल. ताटात कडक भाकरी, शेंगाची आमटी, भरलं वांगं, दही, शेंगा चटणी आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वरून तूप. कडक भाकरी पापडासारखी मोडते, ती आमटीत चुरायची आणि दोन मिनिटं थांबायचं. ह्यानं थांबायचं सोडून तशीच खाल्ली, तर वाढणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात भाकरी चुरून दिली. "जावई हाय का आमचा?" "हो." "मग पोटभर जेवा की, लाजताव कशाला."

शेंगा चटणी घेताना एक सांगते. मिक्सरची चटणी भुकटीसारखी सुटी असते, कुटलेली चटणी ओलसर दिसते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, एवढंच असतं, पण उखळात कुटत गेलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी बोटांनी दाबली तर लाडू होतो. आज्जी तसंच बघायची, चिमूट घेऊन दाबायची, लाडू झाला नाही तर पिशवी परत. मी दुकानात तेच केलं, दुकानदार हसला आणि आतला डबा काढला.

दुपारी पूर्व भागात. हा भाग म्हणजे आमच्या गावातलं दुसरंच गाव, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचं. गल्लीत शिरलं की मागांची खटाखट खटाखट, बोलायचं तर कानाशी जाऊन. एका छोट्या कारखान्यात आत जाऊन बघू का विचारलं तर मालक अण्णा म्हणाले या की. मागाच्या वर जॅकार्डची पुठ्ठ्याची पंचकार्डं दोरीनं ओवून माळ केलेली असते, प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकं, माग एकेक कार्ड ओढतो आणि जिथं भोक आहे तिथलाच धागा वर उचलला जातो. म्हणजे मोर, फूल, वेल, सगळं आधी भोकांत लिहिलेलं असतं. ह्याचं काम सॉफ्टवेअरचं, तो त्या माळेपाशी लहान पोरासारखा खिळून राहिला. अण्णांनी त्याला एक जुनं फाटलेलं कार्ड दिलं, ते आता आमच्या फ्रीजवर लावलंय.

एक चादर घेतली, मयूरपंखी. उलटी केली तरी तीच नक्षी, फक्त रंग उलटे, खरी सोलापुरी ओळखायची ही सोपी खूण. २००५ पासून चादरीला जीआय आहे, तरी रस्त्यावर सोलापुरी म्हणून विकलं जाणारं सगळं इथलं नसतं. शक्यतो कारखान्यातून किंवा त्यांच्याच शोरूममधून घ्या. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की आज्जी तव्यावर भाकरी टाकायची, आजोबा दारात येईपर्यंत ती फुगलेली असायची. मिल गेली, भोंगा गेला, पण आज्जी शेवटपर्यंत त्याच वेळेला तवा तापवायची. हे मी ह्याला आधी कधी सांगितलं नव्हतं. तिथं आवाजात सांगितलं, त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक, त्यानं चादरीची पिशवी माझ्या हातातून घेतली.

संध्याकाळी कसब्यातून चालत निघालो. आमच्या घराचा दरवाजा आता निळा आहे. ओट्यावर एक छोटी मुलगी गृहपाठ करत होती, तिनं विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कुणी नाही गं." ओट्याच्या कडेचा फुटलेला दगड तसाच आहे, तो माझ्या सायकलनं फोडलेला.

आणि रात्री गड्डा. होम मैदानावर दिव्यांचा नुसता समुद्र, भेळ, भाजलेली कणसं, बर्फाचे गोळे, मौत का कुआं, पाळणे. मुख्य सोहळा दोनेक आठवड्यांपूर्वी झाला होता तरी गर्दी कमी नव्हती. शाळेत असताना आम्ही चुलत भावंडं यायचो, पाळण्यात बसायचो आणि समोरच्या डब्यात नवीन लग्न झालेली जोडपी असायची, ती बाई ओरडायची आणि नवऱ्याचा दंड धरायची. मला तेव्हा वाटायचं आपणही एकदा असं बसायचं. बसले. पाळणा वर गेला तेव्हा खाली सगळं गाव पसरलेलं, दिव्यांनी मढलेलं देऊळ पाण्यात उलटं दिसत होतं आणि किल्ला तेवढा काळाभोर. मी ओरडलेही आणि दंडही धरला.

खाली उतरून कासाराकडं बांगड्या भरल्या. त्या मामांनी माझा हात आपल्या हातात घेऊन अंगठा आत वळवला, पंजा दाबत दाबत एकेक काचेची बांगडी अशी चढवली की कळलंही नाही. रंग ह्यानं निवडला, हिरवा, मध्ये सोनेरी. "डझन भरू का?" "भरा." दोन्ही हातांत मिळून डझन. एक चढवताना पिचली तर मामांनी तिचे पैसे घेतले नाहीत. गड्ड्याला जायचं तर सुटे पैसे ठेवा, रिक्षा लांबच सोडावी लागते, आणि शनिवार-रविवारी आठच्या आत जा.

रविवार

सकाळी गाडी ठरवून हत्तरसंग कुडल. विजापूर रोडनं चाळीसेक किलोमीटर, बसनं जाता येतं पण वेळ जातो, दोघांना दिवसाची गाडी परवडते. ड्रायव्हर मामा आमच्याशी मराठीत, फोनवर बायकोशी कानडीत, टपरीवाल्याशी हिंदीत आणि पंक्चरवाल्याशी तेलुगूत बोलले. नवऱ्यानं विचारलं मामा तुमची भाषा कुठली. मामा म्हणाले, "सोलापुरी."

कुडलला भीमा आणि सीना मिळतात. पलीकडं कर्नाटक. सकाळी नऊला तिथं आम्ही, दोन बगळे आणि कपडे धुणाऱ्या तीन बायका. दोन पाण्यांचा रंग वेगळा असतो, सीनेचं जरा मातकट, आणि ते एकदम मिसळत नाही, बराच वेळ शेजारी शेजारी वाहतं. आम्ही काठावर बसून नुसतं ते बघत होतो. चादर बरोबर आणली होती, तीच अंथरली.

संगमावर चालुक्यांच्या काळातली दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वरापाशी मातीत गाडलेलं एक शिवलिंग १९९९ मध्ये बाहेर निघालं, साधारण चार फूट उंच आणि अंगावर ३५९ मुखं कोरलेली, लिंग धरून ३६०. जवळ जाऊन बघा, एकाशेजारी एक छोटे छोटे चेहरे, कुणाचं नाक झिजलेलं, कुणाचा ओठ, पण डोळे मिटलेले आणि सगळे शांत. गुरवबाबांनी सांगितलं की एकदा पाणी घातलं की ३६० अभिषेक होतात. त्यांनी आम्हां दोघांना एकाच तांब्याला हात लावायला सांगितला.

संगमेश्वराच्या तुळईवर शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार ह्यांनी तो उजेडात आणला. शेवटची ओळ आहे, "वाछि तो विजेया होइवा". जो वाचेल तो विजयी होईल. मान वर करून, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून आम्ही एकेक अक्षर लावत होतो. हजार वर्षांपूर्वीचं मराठी, आणि 'तो' कळला, 'होइवा' कळला. वाचून झाल्यावर हा हळूच म्हणाला, "दोघांनी वाचलंय बरं का."

टॉर्च न्याच, आत अंधार असतो. चप्पल बाहेर काढली की फरशी सकाळी गार आणि अकरानंतर भाजते. खायचं काही मिळत नाही, बरोबर ठेवा.

परतताना मंद्रूपच्या अलीकडं ड्रायव्हर मामांच्या मेव्हण्याचं शेत. "हुरडा खाल्ला का यंदा?" विचारलं आणि आमचं उत्तर ऐकायच्या आत गाडी पायवाटेला घातली. ज्वारी पुरुषभर उंच, कणसं दुधात भरलेली. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांची आगटी, वर कणसं खोचलेली. शेतावरच्या ताई एकेक कणीस काढायच्या आणि तळहातांत चोळायच्या, वाफ निघत असायची, त्यांच्या हातांना काही होतच नव्हतं. हिरवे मऊ दाणे सुपात पडायचे, फुंकर मारली की कोंडा उडायचा. ह्यानं हौसेनं एक कणीस चोळलं आणि टाकून दिलं, हात भाजला. मग मी चोळून दिलं. सवय सुटली होती पण हात विसरलेला नव्हता. हुरड्याबरोबर शेंगा चटणी, गूळ, दही. तो चिपळूणचा माणूस सुपाच्या बाजूनं उठायलाच तयार नाही.

निघताना ताई आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मला कुंकू लावलं, ओटीत ज्वारी घातली, आणि ह्याला टॉवेल, टोपी, नारळ. कोण कुठली मी, आडनाव सुद्धा विचारलं नव्हतं. "सोलापूरची लेक म्हटल्यावर जावयाला असंच कसं पाठवायचं?" मला शुक्रवारचं ते काउंटर आठवलं. ताईंच्या गळ्यात पडले, त्यांना कळेना काय झालं. टोपी त्यानं पुण्यापर्यंत डोक्यावरून काढली नाही.

हुरडा जानेवारीत उत्तम, फेब्रुवारीत दाणा टणक व्हायला लागतो. ओळख नसेल तर रस्त्यावर हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात, आधी फोन करा.

संध्याकाळी येताना कंबर तलाव, आताचा धर्मवीर संभाजी तलाव. कमळं होती, मिटायला लागलेली. रात्री पार्क चौपाटीवर पावभाजी, कुल्फी, आणि लवकर झोपलो.

ज्यांच्याकडं अजून एक दिवस आहे त्यांनी नान्नजला जा, माळढोक अभयारण्य, बार्शी रोडला. माळढोक दिसणं आता फार दुर्मिळ, पण पहाटे माळावर काळवीट दिसतात. आम्ही पुढच्या खेपेला ठेवलंय.

सोमवार

सकाळची साडेसहाची हुतात्मा. लॉजच्या काकांचा हिशोब रात्रीच केला होता, तरी ते पहाटे मफलर बांधून काउंटरवर हजर. म्हणाले, "पुढच्या वेळी फोन करून या, खोली ठेवतो." मी चटणीची एक पिशवी पुढं केली तर म्हणाले, "अगं मी सोलापूरचा, मला चटणी देतेस?" आणि घेतली.

गाडीत चादर दोघांच्या अंगावर. कुर्डुवाडी गेल्यावर ह्यानं मोबाईल काढला, आधारची साइट उघडली आणि म्हणाला, "पत्ता बदलून टाकू या तुझा, परत असा त्रास नको." फॉर्म भरत भरत जुन्या पत्त्यापाशी आलो. घर नंबर, गल्ली, उत्तर कसबा, सोलापूर.

"राहू दे," मी म्हटलं. "त्या काकांच्या लॉजवरच उतरू."

त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि चटणीची पिशवी उघडली.